इटलीत स्वतः फिरताना: तिकीट काढल्यानंतर काय करायचं

टूर कंपनीशिवाय इटली फिरणं अवघड नाही. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, नेपल्स ही सगळी शहरं वेगवान रेल्वेने जोडलेली आहेत आणि स्टेशनं बहुतेक ठिकाणी शहराच्या मध्यावरच आहेत. तरीही प्रवाशांना दंड बसतात, आणि ते बहुधा एकाच समजुतीमुळे: पैसे भरले, तिकीट हातात आलं, म्हणजे काम झालं. इटलीत त्यापुढे अनेकदा आणखी एक पायरी असते. कागदी तिकिटावर शिक्का मारायचा असतो, भाड्याच्या गाडीचा नंबर हॉटेलला कळवायचा असतो, प्रवेशिकेवरचं नाव पासपोर्टशी जुळावं लागतं. ही पायरी कुणी आपणहून आठवण करून देत नाही, म्हणून इथे तिच्यावर भर दिला आहे.

रेल्वे: दोन प्रकार, दोन वेगळे नियम

पहिला प्रकार वेगवान गाड्यांचा. यात सरकारी ट्रेनइतालियाच्या फ्रेच्चारोस्सा आणि खासगी इतालो या मुख्य. रोम ते फ्लॉरेन्स साधारण दीड तास, रोम ते नेपल्स सव्वा तासाच्या आत, रोम ते मिलान तीन तासांच्या आसपास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांपेक्षा थोडं जास्त. डबा आणि आसन ठरलेलं असतं आणि भाडं विमानासारखं वर-खाली होतं, त्यामुळे एक-दोन महिने आधी काढलेलं तिकीट पुष्कळ स्वस्त पडतं. ट्रेनइतालियावर तिकीट काढताना ‘बेस’, ‘इकॉनॉमी’, ‘सुपर इकॉनॉमी’ असे पर्याय दिसतात. बेस महाग, पण बदलता येतं. सुपर इकॉनॉमी स्वस्त, पण गाडी चुकली की पैसे गेले. विमानातून उतरून त्याच दिवशी गाडी पकडायची असेल तर सुपर इकॉनॉमी घेऊच नका; विमानाला दोन तास उशीर झाला की वाचवलेले पैसे दुपटीने जातात.

ट्रेनइतालियाचं तिकीट इतालोच्या गाडीत चालत नाही आणि इतालोचं ट्रेनइतालियाच्या गाडीत. दोन्ही कंपन्यांच्या गाड्या त्याच स्टेशनातून, कधीकधी दहा मिनिटांच्या अंतराने त्याच शहराला सुटतात, तेव्हा घाईत हे विसरायला होतं.

दुसरा प्रकार प्रादेशिक गाड्यांचा, म्हणजे ‘रेजोनाले’. पिसा, सिएना, लुक्का, चिंक्वे तेर्रे, वेरोनाजवळची गावं अशा ठिकाणी याच गाड्या जातात. इथे भाडं अंतरानुसार ठरलेलं असतं. महिनाभर आधी काढा नाहीतर पाच मिनिटं आधी, किंमत तीच, आणि आसनाचं आरक्षण नसतं. म्हणून यांचं तिकीट घाईने आधी काढण्यात काहीच फायदा नाही.

पण याच गाड्यांत सर्वाधिक दंड होतात. यंत्रातून किंवा खिडकीवरून घेतलेलं रेजोनालेचं कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी शिक्का मारून चालू करावं लागतं. फलाटाच्या तोंडाशी किंवा खांबांवर छोटी यंत्रं लावलेली असतात. तिकिटाचं टोक खाचेत सरकवायचं, कर्रकन आवाज येईपर्यंत धरायचं, बाहेर काढून तारीख-वेळेचा ठसा उमटलाय का ते डोळ्यांनी पाहायचं. शाई फिकट असेल तर दुसऱ्या यंत्रावर पुन्हा मारा. शिक्का मारल्यापासून तिकीट ४ तास चालतं. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे उद्या पुन्हा वापरता येईल असं तिकीट, असा तपासनिसाचा साधा हिशेब असतो. ‘आम्ही पर्यटक आहोत, माहीत नव्हतं’ हे उत्तर तो रोज ऐकतो. स्टेशनातली सगळी यंत्रं बंद असतील तर चढण्याआधी फलाटावरच गार्डला गाठून तिकीट दाखवा. आत बसून तो येण्याची वाट पाहिली तर तुमची बाजू कमकुवत होते.

मोबाइलवर काढलेल्या रेजोनाले तिकिटाला कागदी शिक्का लागत नाही, पण त्यावर चेक-इनचं बटण दिसत असेल तर गाडीत चढण्याआधी ते दाबा. वेगवान गाड्यांच्या तिकिटांवर गाडी, डबा आणि आसन छापलेलं असल्याने त्यांना शिक्का लागत नाही.

स्टेशनात फलक कसा वाचायचा

मोठ्या फलकावर ‘पार्तेन्झे’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, ‘आर्रीवी’ म्हणजे येणाऱ्या. ‘बिनारिओ’ हा फलाट, ‘रितार्दो’ हा मिनिटांमधला उशीर. शहरांची नावं इटालियनमध्ये असतात: फ्लॉरेन्स म्हणजे फिरेन्झे, व्हेनिस म्हणजे वेनेझिया, नेपल्स म्हणजे नापोली, मिलान म्हणजे मिलानो.

खरी फसगत पुढे होते. फलकावर गाडीचं फक्त शेवटचं स्टेशन ठळक लिहिलेलं असतं. रोमहून फ्लॉरेन्सला निघालेल्या माणसाला ‘फिरेन्झे’ बहुधा सापडतच नाही, कारण ती गाडी पुढे मिलान, व्हेनिस किंवा तोरिनोला जाणारी असते. म्हणून गाव शोधत बसू नका, तिकिटावरचा गाडीचा नंबर शोधा. नंबर आणि सुटायची वेळ जुळली की तीच तुमची गाडी. फलाटाचा आकडा सुटण्याआधी दहा-वीस मिनिटं झळकतो. रोमा तेर्मिनी, मिलानो चेन्त्राले आणि फिरेन्झे सान्ता मारिया नोवेल्ला इथे फलाटावर जाण्याआधी तिकीट दाखवावं लागतं आणि वेगवान गाड्यांची दारं सुटण्याच्या एक-दोन मिनिटं आधी बंद होतात. गाड्या लांबलचक असतात, डबा दुसऱ्या टोकाला असला तर बॅगा ओढत चालायला वेळ लागतो. वीस मिनिटं आधी पोहोचणं पुरेसं आहे, पाच मिनिटं आधी नाही.

एकाच शहरात अनेक स्टेशनं असतात, तेव्हा तिकीट काढतानाच पूर्ण नाव वाचा. व्हेनिसच्या बेटावर उतरायचं तर ‘वेनेझिया सान्ता लुचिया’; ‘वेनेझिया मेस्त्रे’ हे अलीकडे, मुख्य भूमीवर आहे. नेपल्स शहरासाठी ‘नापोली चेन्त्राले’. ‘नापोली आफ्रागोला’ शहराबाहेर आहे. पिसाचा झुकता मनोरा ‘पिसा सान रोस्सोरे’ या छोट्या स्टेशनापासून जास्त जवळ आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. पोम्पेईच्या अवशेषांसाठी नेपल्स-सोरेंतो मार्गावरच्या चिर्कुमवेझुवियाना गाडीने ‘पोम्पेई स्कावी – विल्ला देई मिस्तेरी’ इथे उतरा. ‘पोम्पेई’ एवढंच नाव असलेलं दुसरं स्टेशन गावात आहे, तिथून चालावं लागतं.

संपाला इटलीत ‘शोपेरो’ म्हणतात आणि तो आधी जाहीर होतो, पुष्कळदा शुक्रवारी. निघण्याच्या आठवडाभर आधी तारखा तपासा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा कायद्याने चालू ठेवावी लागते. लांबच्या काही गाड्याही हमीच्या यादीत असतात. परतीचं विमान संपाच्या दिवशी असेल तर आदल्या दिवशीच त्या शहरात येऊन राहणं शहाणपणाचं.

विमानतळ आणि शहरातली बस-मेट्रो

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस कुठेही न थांबता ३२ मिनिटांत तेर्मिनीला पोहोचते, भाडं १४ युरो. त्याच स्टेशनातून एफएल-१ ही साधी गाडी ८ युरोत त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से आणि तिबुर्तिनाला जाते, तेर्मिनीला जात नाही. त्रास्तेवेरे भागात मुक्काम असेल तर ही स्वस्तही आणि सोयीचीही. चौघं असाल आणि सामान जास्त असेल तर टॅक्सीचा विचार करा: जुन्या औरेलियन तटबंदीच्या आतल्या पत्त्यासाठी भाडं महापालिकेने ठरवून दिलेलं आहे, ५५ युरो, सामान धरून, माणशी नव्हे तर गाडीचं. पांढरी, अधिकृत टॅक्सी रांगेतूनच घ्या आणि बसण्याआधी ‘ठरलेलं भाडं’ असं बोलून घ्या. आगमन कक्षात जवळ येऊन ‘टॅक्सी?’ विचारणाऱ्याबरोबर जाऊ नका.

बसचं तिकीट बहुतेक शहरांत ड्रायव्हरकडे मिळत नाही. ते तंबाखूच्या दुकानात मिळतं. बाहेर ‘टी’ अक्षराची मोठी पाटी असते. वर्तमानपत्रांच्या स्टॉलवरही मिळतं. रोमचं साधं तिकीट १.५० युरोचं, पहिल्या शिक्क्यापासून १०० मिनिटं चालणारं. त्यात बस कितीही वेळा बदला, मेट्रो मात्र एकदाच. मेट्रोतून बाहेर पडून पुन्हा आत शिरायला नवं तिकीट लागतं. बसमध्ये चढल्याबरोबर आतल्या यंत्रावर शिक्का मारा, गर्दी असली तरी.

रोम आणि मिलानमध्ये बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट टेकवूनही जाता येतं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायकोने एकच कार्ड दोनदा टेकवलं तर दुसरा विनातिकीट धरला जाऊ शकतो. आणि दिवसभर तेच साधन वापरा: सकाळी फोन, दुपारी प्लॅस्टिकचं कार्ड असं केलं तर यंत्रणेच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं असतात. मिलानच्या मेट्रोत बाहेर पडतानाही टेकवावं लागतं.

व्हेनिस

इथली बस म्हणजे ‘वापोरेत्तो’ बोट. ७५ मिनिटांचं एक तिकीट ९.५० युरोचं आहे, त्यामुळे दिवसात तीन फेऱ्या होणार असतील तर २५ युरोचा २४ तासांचा पासच परवडतो. हा पास प्रत्येक वेळी धक्क्यावरच्या यंत्राला टेकवायचा, पहिल्या वेळेपुरता नव्हे. मोठ्या बॅगा घेऊन येणाऱ्यांनी हॉटेल बोटीच्या थांब्याजवळ घ्यावं. नकाशावर चारशे मीटर दिसणाऱ्या अंतरात चार पूल असू शकतात आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या असतात.

२०२४ पासून वसंत ते उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी, सकाळी ८:३० ते दुपारी ४ या वेळात, दिवसापुरतं येणाऱ्यांना जुन्या शहरात प्रवेशशुल्क आहे. आधी नोंदवलं तर ५ युरो, ऐनवेळी १० युरो. शहरात मुक्काम करणाऱ्यांना शुल्क माफ आहे, पण माफी आपोआप लागू होत नाही: संकेतस्थळावर नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. त्या वर्षीच्या तारखा निघण्याआधी पालिकेच्या संकेतस्थळावर पाहून ठेवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर

तोस्काना, उंब्रिया किंवा सिसिलीच्या खेड्यांत गाडीशिवाय मजा नाही, हे खरं. पण शहरांसाठी गाडी घेऊ नका. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो आणि तो निघण्याआधी आपल्या आरटीओतूनच काढावा लागतो. इटलीत पोहोचल्यावर मिळत नाही.

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे ‘झेडटीएल’, मर्यादित वाहतुकीचा विभाग. फ्लॉरेन्स, रोम, सिएना, पिसा, बोलोन्या, आणि कित्येक छोट्या गावांचा जुना भाग असा राखीव असतो. कमान नाही, अडथळा नाही, शिपाई नाही. लाल कडेचं पांढरं गोल चिन्ह आणि वर कॅमेरा, एवढंच. शेजारी प्रकाशित पाटी असेल तर नीट वाचा: ‘वार्को आत्तीवो’ म्हणजे बंदी लागू आहे, आत जाऊ नका, ‘वार्को नॉन आत्तीवो’ म्हणजे आता जाता येतं. ‘आत्तीवो’ वाचून रस्ता चालू आहे असं समजणारे दर मोसमात सापडतात.

दंड साधारण ऐंशी युरोंपासून सुरू होतो आणि प्रत्येक कॅमेरा स्वतंत्र गुन्हा धरतो. हॉटेल शोधत दोन-तीन फेऱ्या मारल्या तर तितके दंड. गाडी देणारी कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना कळवण्याचं वेगळं शुल्क कार्डावरून कापते. दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते, तोवर कुणाला पत्ताच नसतो. मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका, तो या विभागातून बिनदिक्कत रस्ता दाखवू शकतो.

हॉटेल त्या विभागात असेल तर बुकिंग करतानाच विचारा की गाडीचा नंबर नोंदवून परवानगी मिळेल का. पोहोचल्याबरोबर नंबर द्या आणि तो पाठवला गेल्याची खात्री करून घ्या. याहून सोपा मार्ग म्हणजे तटबंदीबाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवून चालत जाणं. पार्किंगच्या रेषांचा रंग पाहा: निळ्या म्हणजे पैसे भरून, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे राखीव.

महामार्गावर शिरताना यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. पिवळी ‘टेलेपास’ मार्गिका गाडीत टोल आपोआप भरणारं त्याच नावाचं यंत्र बसवलेल्या सभासदांसाठी आहे. चुकून तिच्यात शिरलात तर गाडी मागे घेऊ नका. मदतीचं बटण दाबा, न भरलेल्या पैशांची पावती मिळते आणि ती १५ दिवसांत भरता येते. वेगमर्यादा महामार्गावर ताशी १३० किलोमीटर, पावसात ११०, गावात ५०. पेट्रोल पंपावर ‘सेल्फ’ आणि ‘सेर्वितो’ असे दोन भाव असतात. दुसऱ्यात माणूस भरून देतो आणि लिटरमागे जास्त घेतो. ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल, ‘गाझोलियो’ म्हणजे डिझेल.

खाणं, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी

बिलात ‘कोपेर्तो’ नावाची रक्कम दिसली तर फसवणूक समजू नका. ब्रेड आणि टेबलाचा तो माणशी आकार आहे, साधारण २-३ युरो, आणि मेनूकार्डावर छापलेला असतो. तो दिल्यावर वेगळी टिप देण्याची सक्ती नाही. कॉफी काउंटरवर उभं राहून प्यायली तर एक किंमत, बसून प्यायली तर दुसरी, कधीकधी दुपटीहून जास्त. स्टेशनांतल्या कॅफेत आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर द्यायची पद्धत असते. नुसतं ‘लात्ते’ मागितलं तर दुधाचा पेला येतो.

जेवणाच्या वेळा ठरलेल्या: दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद असतं, तेव्हा भूक लागली तर तुकडे कापून वजनावर विकला जाणारा पिझ्झा बरा.

शाकाहारी माणूस इटलीत उपाशी राहत नाही, पण ‘मांस नाही’ एवढ्यावर भागत नाही. पार्मेजान आणि ग्राना पादानो ही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने, बनतात, तसा त्यांच्या प्रमाणीकरणाचा नियमच आहे. पेकोरिनो रोमानोत कोकराचं रेनेट असतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी पास्ता ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय मागावा; पेस्तो आणि काचो ए पेपे टाळावं, त्यांत ते चीज मुरलेलंच असतं. रिझोत्तो आणि सूप पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, म्हणून ‘ब्रोदो’ कशाचा आहे ते विचारा. पियादीना या चपातीसारख्या प्रकारात परंपरेने डुकराची चरबी असते, तिचं नाव ‘स्त्रुत्तो’. अंडं न खाणाऱ्यांनी ताजा पास्ता, उदाहरणार्थ तालियातेल्ले आणि रॅव्हिओली, सोडून कोरडा स्पगेटी किंवा पेन्ने घ्यावा. तो रवा आणि पाण्याचा असतो.

निर्धास्त मागवता येतील अशा गोष्टी: पिझ्झा मारिनारा (टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाही), स्पगेटी आल्यो ए ओल्यो (लसूण आणि ऑलिव्ह तेल), पेन्ने आर्राब्बियाता चीजशिवाय, आणि ‘कोन्तोर्नी’ या मथळ्याखालच्या भाज्या: भाजलेली वांगी, पालक, पांढरा घेवडा. ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची, ती बिनधास्त घ्या; ‘सालामे’ मात्र मांस. नेपल्समध्ये ‘रोमाना’ आणि रोममध्ये ‘नापोली’ नावाच्या पिझ्झावर अँचोव्ही मासे असतात. ऑर्डर देताना पुरुषांनी ‘सोनो वेजेतारियानो’, बायकांनी ‘सोनो वेजेतारियाना’ म्हणावं आणि पुढे ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ जोडावं, म्हणजे माशाचाही प्रश्न मिटतो.

पाण्यावर पैसे घालवू नका. रोममध्ये ‘नासोने’ नावाचे वाकड्या तोटीचे अडीच हजारांच्या आसपास नळ आहेत, पाणी थंड आणि पिण्याजोगं. ‘नॉन पोताबिले’ लिहिलेलं असेल तेवढं सोडा.

संग्रहालयं आणि चर्च

कोलोसियमची तिकिटं साधारण ३० दिवस आधी खुली होतात आणि नावानिशी असतात. पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. पोम्पेईचंही आता तसंच, शिवाय तिथे दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ पाहायला फक्त १५ मिनिटं मिळतात आणि तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात. ते पाहायचंच असेल तर आधी त्याची तारीख मिळवा, मग बाकीचा प्रवास तिच्याभोवती बांधा. रोमची बोर्गेझे गॅलरी आरक्षणाशिवाय मिळत नाही.

फ्लॉरेन्सची उफ्फित्सी आणि आक्कादेमिया ही संग्रहालयं आणि रोमची बोर्गेझे सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद; महिन्याचा शेवटचा रविवार अपवाद, त्या दिवशी प्रवेश फुकट आणि रांग भिंतीला वळसा घालून. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायका-पुरुष दोघांचेही. उन्हाळ्यात पातळ ओढणी जवळ असली की भागतं.

उरलेलं थोडक्यात

मुक्कामाचा कर बुकिंगच्या पैशांत धरलेला नसतो. रोममध्ये तो माणशी, रात्रीमागे, तीन तारांकित हॉटेलात ६ आणि चार तारांकित हॉटेलात ७.५० युरो आहे. चौघांचा पाच रात्रींचा हिशेब आधीच करून ठेवा आणि काही ठिकाणी तो रोखच मागतात. प्रत्येक पाहुण्याचा पासपोर्ट दाखवावा लागतो, कारण नोंद पोलिसांकडे जाते.

खिसेकापूंचा त्रास रोमच्या ६४ नंबरच्या बसमध्ये, मेट्रोच्या ए मार्गावर आणि तेर्मिनीच्या तिकीट यंत्रांपाशी जास्त. यंत्रापाशी मदत करायला आलेल्या अनोळखी माणसाला ‘नो’ म्हणा आणि काम चालू ठेवा. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांकडे ‘देनुंचा’ लिहून घ्या, मग रोमचा दूतावास किंवा मिलानचा वाणिज्य दूतावास गाठा; तक्रारीच्या कागदाशिवाय पुढचं काम हलत नाही. आणीबाणीचा क्रमांक ११२.

एका दुकानातली खरेदी ७० युरोंच्या वर गेली तर करपरताव्याचा अर्ज तिथेच पासपोर्ट दाखवून मागून घ्या. वस्तू बॅगेत टाकून बॅग विमान कंपनीकडे देण्याच्या आधी विमानतळावर सीमाशुल्काची मोहोर किंवा यंत्रावरची नोंद करून घ्यावी लागते, कारण अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतो. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे परतत असाल तर हे काम इटलीतच उरकायचं. युरोपीय संघातल्या दुसऱ्या शहरात विमान बदलणार असाल आणि वस्तू हातातल्या पिशवीत असतील तर तिथल्या शेवटच्या विमानतळावर. यासाठी नेहमीपेक्षा तासभर लवकर निघा.